भरल्या घराचे तटस्थपण

दानधर्माविषयी आपल्याकडे आजवर जे लिहिले-बोलले गेले आहे, त्या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. ती ही की, देण्याने देणाऱ्याचे कमी होते. शंभरांतून दहा दिले तर नव्वदच उरतात. म्हणून दात्याचे कौतुक, म्हणून सत्पात्री दानाची चिकित्सा, आणि म्हणूनच ‘आधी घरच्यांचे भागू द्या’ हे उत्तरही आपणांस रास्त वाटते. परंतु देऊनही काहीच कमी होत नसेल तर? वनवासात सूर्याने युधिष्ठिरास दिलेली तांब्याची थाळी वाचकांच्या परिचयाची आहेच. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत तीतील अन्न सरत नसे. अशी थाळी एका कुटुंबाऐवजी एका अवघ्या समाजाच्या हाती आली, आणि तिला द्रौपदीच्या जेवणाचीही मर्यादा उरली नाही, तर त्या समाजाचा शेजाऱ्याविषयीचा धर्म कोणता?

हा प्रश्न अलीकडच्या काळात सर्वांत चिकाटीने विचारला तो विज्ञानकथाकारांनी. विज्ञानकथा म्हणजे पोरांची करमणूक, असे मानणारी वडीलधारी मंडळी आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत हे आम्ही जाणतो. त्यांस एवढीच विनंती की, राक्षस, विमाने आणि मायावी मृग यांच्या गोष्टींतून धर्माधर्माचा विचार करण्याची सवय ज्या समाजास शतकानुशतके आहे, त्याने अंतराळयानांच्या गोष्टींकडे पाहून नाक मुरडू नये.

अर्थशास्त्रज्ञांनीही या विपुलतेचे स्वप्न पाहिले होते. १९३० साली जॉन मेनार्ड केन्स याने आपल्या नातवंडांच्या काळाविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. शंभर वर्षांत पोटाचा प्रश्न सुटेल, आठवड्यास १५ तास काम पुरेसे होईल, आणि मोकळ्या वेळाचे काय करावे हीच माणसाची मुख्य चिंता होईल, असे त्याचे भाकीत होते. हा निबंध वाचताना आम्हांस एक गोष्ट खटकते. केन्सचे लक्ष प्रगत देशांतील आपल्या नातवंडांवर होते. ज्यांच्या घरी ही सुबत्ता पोहोचणार नाही अशा शेजाऱ्यांची त्यात वास्तपुस्त नाही. ती उणीव कथाकारांनी भरून काढली.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही तिची पुढची मालिका १९८७ साली. या पुढच्या मालिकेतील यानात ‘रेप्लिकेटर’ नावाचे यंत्र असते. हवे ते अन्न, हवी ती वस्तू तोंडाने मागावी, की ती तेथे सिद्ध होते. कप्तान पिकार्ड चहा मागतो आणि वाफाळता चहा समोर येतो. या समाजात दारिद्र्य नाही आणि धनसंचयाची ओढही उरलेली नाही. १९८८ सालच्या एका भागात, विसाव्या शतकात गोठवून ठेवलेला एक धनिक शुद्धीवर येतो आणि प्रथम आपल्या गुंतवणुकीची चौकशी करतो; पैशाचे महत्त्वच संपले आहे हे त्याच्या गळी उतरवणे किती कठीण जाते, ते पाहण्यासारखे आहे.

अशा या तृप्त समाजाचा परक्या ग्रहांविषयी एक कडक नियम आहे. त्यास तेथे ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ म्हणतात. आम्ही ‘आद्य आज्ञा’ म्हणू. ज्या लोकांस ताऱ्याताऱ्यांमधला प्रवास अद्याप साधलेला नाही, त्यांच्या जीवनक्रमात ढवळाढवळ करावयाची नाही. आपण आहोत हेदेखील त्यांस कळू द्यावयाचे नाही. मालिकेत हा नियम प्रथम १९६७ साली उच्चारला गेला. त्या वर्षी अमेरिकेचे चार लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनाममध्ये होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमामागची तळमळ समजते. पुढच्याच वर्षीच्या एका भागात एका शांत ग्रहावरील खेडूतांना शत्रुपक्ष बंदुका पुरवितो, आणि तोल राखावा म्हणून नायक कर्क हा डोंगरातल्या लोकांनाही तशाच बंदुका देतो. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही.

हा नियम मूर्खपणाचा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याची सत्यता पटण्यास आकाशात जाण्याचेही कारण नाही. इंग्रजांनी १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे वसाहत केली आणि तेथल्या ग्रेट अंदमानी लोकांस ‘सुधारण्या’साठी ‘अंदमान होम’ नावाची निवासस्थाने उघडली. हेतू सर्वस्वी दुष्ट होता असे नाही. अन्न होते, कपडे होते, शिकवणूक होती. त्यांबरोबर उपदंश आला, १८७७ साली गोवर आला, आणि काही हजारांच्या त्या जमाती १९३१ च्या शिरगणतीत शंभराच्या आत आल्या. म्हणून आपल्या सरकारने १९५६ साली तेथील आदिवासींच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि उत्तर सेंटिनेल बेटावर कोणी पाऊल टाकू नये अशी आज व्यवस्था आहे. १९९१ साली एका सरकारी पथकाच्या हातून त्या बेटावरील लोकांनी नारळ घेतले होते. पुढे अशा भेटीही थांबविण्यात आल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर ते जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्यास हेलिकॉप्टर गेले, तेव्हा किनाऱ्यावरून त्याच्यावर बाण रोखला गेला. हेलिकॉप्टर परतले. बाण हेही उत्तरच आहे, आणि ते समजून घेणाऱ्या अधिकाऱ्यांस आम्ही निष्ठुर म्हणणार नाही.

मग अडचण कोठे आहे? ती १९८९ साली दाखविल्या गेलेल्या ‘पेन पाल्स’ या भागात उघडी पडते. हा भाग आम्हांस संपूर्ण मालिकेत मोलाचा वाटतो. यानावरील डेटा हा यंत्रमानव आहे. दूरच्या एका ग्रहावरून येणारा क्षीण संदेश त्याच्या कानी पडतो: कोणी आहे का तेथे? विचारणारी सार्जेन्का नावाची एक लहान मुलगी. डेटा उत्तर देतो, आणि अनेक आठवडे त्यांचे बोलणे चालते. पुढे कळते की तिचा ग्रह भूकंप-ज्वालामुखींनी फुटण्याच्या मार्गावर आहे आणि तिच्या लोकांस त्याची कल्पनाही नाही. यानाजवळ उपाय आहे, आणि तो करण्यात यानाचे म्हणण्यासारखे काही खर्च व्हावयाचे नाही. आड येते ती केवळ आद्य आज्ञा.

कप्तान आपल्या सहकाऱ्यांस एकत्र बसवितो, आणि तेथे जी चर्चा होते ती ऐकून आपल्या ओसरीवरचीच चर्चा ऐकतो आहोत असे वाटते. एक म्हणतो, विश्वाची काही योजना असेल तर तीत हात घालणारे आपण कोण? जे घडावयाचे ते घडो. आपल्याकडे यासच ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणतात. त्यावर दुसरा पक्ष विचारतो, अशी योजना असेलच, तर आपण नेमके या वेळी या ठिकाणी असणे हा तिचाच भाग कशावरून नाही? आमच्या मते या शंकेस पहिल्या पक्षापाशी उत्तर नाही. कर्माचा सिद्धांत खरा मानला तर तो पाहणाऱ्यासही लागू आहे. बुडणाऱ्याचे बुडणे हे त्याचे कर्म असेल, तर काठावर दोर हातात धरून उभे राहिलेल्याचे उभे राहणे हेही कर्मच आहे, आणि त्याचा हिशेब स्वतंत्र मांडला जाईल. परदुःखाचे स्पष्टीकरण देण्यासाठी जो सिद्धांत वापरावयाचा, तो स्वतःच्या स्वस्थपणास लावावयाचा नाही, ही आपली जुनी लबाडी आहे. कौरवसभेत द्रौपदीच्या प्रश्नाला भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे उत्तर दिले, सूक्ष्म होतीच, परंतु धृतराष्ट्राचा धाकटा मुलगा विकर्ण उठून बोलू शकला, त्याला ती तितकी सूक्ष्म वाटली नाही.

पिकार्ड प्रथम नियमाच्या बाजूने कौल देतो. संभाषण तोडण्याची आज्ञा होते. ते तोडताना मुलीचा आवाज मोठ्याने ऐकू येतो, ती भ्यालेली आहे, ती डेटाला हाक मारीत आहे, आणि कप्तानाचा निश्चय ढळतो. ही विनवणी आहे, आणि विनवणीला ओ देणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे, असा अर्थ तो लावतो. यान ग्रह वाचविते.

येथवर सर्व ठीक दिसते: हाक आली तर जावे, न आली तर जाऊ नये. पुष्कळ सज्जन याच सूत्रावर जन्म काढतात. परंतु त्याच मालिकेने, त्याच कप्तानाकडून, १९९४ साली ‘होमवर्ड’ या भागात या सूत्राचा पोकळपणा दाखविला. बोराल नावाच्या ग्रहाचे वातावरण नष्ट होत आहे. तेथील लोकांना यानाची माहिती नाही, म्हणून ते हाक मारीत नाहीत. कप्तान आणि त्याचे सहकारी पडद्यावर तो ग्रह मरताना स्तब्ध उभे राहून पाहतात. जणू श्रद्धांजलीच! आम्हांस येथे थांबून विचारावेसे वाटते की, त्या लोकांनी हाक मारावी तरी कोणास? आपण आहोत हे त्यांस कळू न देणे हा नियमाचा पहिला भाग. आणि त्यांनी बोलाविले नाही हा न जाण्याचा आधार. स्वतः दाराआड लपावयाचे आणि कोणी दार ठोठावले नाही अशी साक्ष द्यावयाची, यास तटस्थता म्हणता येत नाही. सेंटिनेल बेटावरील लोकांनी हेलिकॉप्टर पाहिले होते, मग बाण रोखला होता. बोरालच्या लोकांस नकार देण्याचीही संधी मिळाली नाही.

त्या भागात निकोलाय नावाचा एक निरीक्षक चोरून एक खेडे वाचवितो. गावकरी झोपेत असता त्यांना यानातील आभासी दालनात आणले जाते, आणि आपण आपल्याच गुहेत आहोत असे समजून ते चालत राहतात, दुसऱ्या ग्रहावर पोहोचतात. त्यांच्यातील व्होरिन हा गावाच्या वृत्तांताचा राखणदार, चुकून त्या दालनाबाहेर येतो. सत्य कळल्यावर ते त्यास सोसवत नाही. तो स्वतःचा अंत करतो. म्हणजे वाचविणाऱ्याच्या हातूनही एक जीव जातोच. हे कथाकारांनी लपविले नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे याहून बळकटपणे मांडले आहे ते अर्काडी व बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन बंधूंनी. ‘देव होणे कठीण’ अशा अर्थाचे नाव असलेली त्यांची कादंबरी १९६४ ची. तीतील पृथ्वीवर कसलीच ददात उरलेली नाही. तेथून आलेला अन्तोन हा इतिहासकार अर्कानार नावाच्या मध्ययुगीन, क्रूर राज्यात डॉन रुमाता या नावाने सरदार होऊन राहतो. पाहावयाचे, टिपून ठेवावयाचे, कोणास मारावयाचे नाही, अशी त्यास आज्ञा. त्याच्याजवळ भुशापासून सोन्याच्या मोहरा पाडणारे यंत्र आहे. विद्वानांची कत्तल चालू असता तो एकेकास पैसे देऊन, लपवून सोडवितो. त्याचे सोने इतके शुद्ध असते की त्या शुद्धतेवरूनच दुष्ट मंत्री डॉन रेबा याच्या मनात संशय शिरतो. संपन्नांची मदत कितीही वेष पालटून आली तरी ओळखू येते, ती अशी.

या कादंबरीत बुदाख नावाचा, नुकताच कैदेतून सुटलेला वैद्य आणि रुमाता यांचे एक संभाषण आहे. देवाला काय मागावे? सर्वांना अन्न दे, असे वैद्य म्हणतो. बलवान ते हिसकावून घेतील. मग बलवानांना शासन कर. दुबळ्यांतून नवे बलवान निघतील. मग कोणास हिसकावण्याची गरजच पडू नये इतके दे. तसे केले तर माणसे पाळीव जनावरे होतील, असे रुमाताचे उत्तर. शेवटी वैद्य म्हणतो, तर मग आम्हांस आमच्या वाटेने जाऊ दे. रुमाता कबूल करतो की त्याचे काळीज दयेने भरले आहे, त्यास तेही साधत नाही.

हा युक्तिवाद बुद्धीस कुंठित करणारा आहे खरा, परंतु त्यातील एक दुवा आम्हांस कच्चा वाटतो. रुमाताचे स्वतःचे लोक पृथ्वीवर याच विपुलतेत राहतात, आणि ते जनावरे झालेले नाहीत. आयत्या अन्नाने माणूस बिघडेल, ही भीती बहुधा दुसऱ्याच्याच पोटाविषयी असते. येथे कोणी म्हणेल की पृथ्वीच्या लोकांनी ती विपुलता स्वतः कमावली आहे, आणि भेद तोच आहे. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून खरा प्रश्न द्यावे की न द्यावे हा नसून, घेणाऱ्याचे कर्तेपण राखून कसे द्यावे, हा आहे.

ते न राखल्यास काय होते, हे इयन बँक्स या स्कॉटिश लेखकाने सांगितले आहे. त्याच्या ‘कल्चर’ नामक समाजात पैसा नाही, मालकी जवळजवळ नाही, आणि अतिबुद्धिमान यंत्रे सर्व कारभार पाहतात. हा समाज आद्य आज्ञा मानीत नाही. इतरांच्या भल्यासाठी गुप्तपणे सूत्रे हलविणे हेच त्याचे आवडते काम. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुक टु विंडवर्ड’ या कादंबरीत चेल्ग्रियन नावाचे लोक जातिव्यवस्थेने जखडलेले आहेत. ‘कल्चर’ पडद्याआडून त्यांच्या राजकारणात हात घालते, समतेचा पक्ष सत्तेवर येतो, आणि हिशेब चुकून असे यादवी युद्ध पेटते की अब्जावधी प्राण जातात. जातिभेद मोडणे हे सत्कार्य होते, मोडणाऱ्यांस त्यातून काही मिळवावयाचे नव्हते, आणि तरीही असे झाले.

आपण हिंदूंनी ही कथा वाचताना अस्वस्थ व्हावे हे योग्यच. पण तीवरून ‘बाहेरच्यांनी बोलू नये, आमचे आम्ही पाहू’ असा सोयीचा निष्कर्ष काढणाऱ्यांस आमच्या बडोद्याचे एक उदाहरण स्मरून द्यावेसे वाटते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती म्हणजे ढवळाढवळच. अनेक घरांस ती रुचली नव्हती. आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे झाले, १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर जे सुरू झाले, ते महाराजांनी घडविले नाही, त्यांस ते घडविताही आले नसते. सूत्रे ज्यांची त्यांच्याच हाती होती. ‘कल्चर’च्या अतिबुद्धिमान यंत्रांस हे सुचले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आता कोणी म्हणेल की या सर्व दूरच्या गोष्टी; आपल्या घरी कोठे आहे न सरणारी थाळी? अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे कारण केवळ धान्याची तूट हे नव्हते; ते विकत घेण्याची ऐपत लाखो लोकांची उरली नव्हती. २००१ साली तर सरकारी कोठारांत सुमारे ६ कोटी टन धान्य साठलेले असता राजस्थानात लोक उपाशी होते. साठवण्याचा खर्च होत होता, धान्य सडत होते, आणि ते देण्यात कोणाच्याही ताटातील घास कमी होणार नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी शाळांतील मुलांस शिजविलेले दुपारचे जेवण द्यावे असा आदेश निघाला. धान्यापुरती तरी थाळी आपल्या घरी आलेली होती. उणीव होती ती ते बाहेर काढणाऱ्या हाताची.

आणि हाकेविषयी म्हणाल, तर ती ऐकण्यास यंत्रमानवाचे कान लागत नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडातून रात्री येणारा मारहाणीचा आवाज आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला असेल, आणि ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून दूरदर्शनचा आवाज वाढविला असेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार कोणाही व्यक्तीस संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. म्हणजे येथेही देणाऱ्याचे काही कमी होत नाही. ती बाई कदाचित नको म्हणेल. तिचा तो नकार ऐकण्यासाठी तरी एकदा दार ठोठवावे लागते; आणि ती नको म्हणाली तर तेही मानावे लागते, उद्या पुन्हा विचारण्याची तयारी ठेवून.

सार्जेन्काची गोष्ट थोडी सांगावयाची राहिली. ग्रह वाचल्यावर यानावरील वैद्यांनी तिच्या स्मृतीतून डेटा, यान आणि ते सारे बोलणे पुसून टाकले. आद्य आज्ञा निदान शेवटी तरी पाळली जावी, म्हणून. याचे समर्थन करताना काहीजण गुप्तदानाचा दाखला देतील. आम्हांस तो लागू वाटत नाही. गुप्तदानात देणारा आपले नाव झाकतो. घेणाऱ्याच्या मनात हात घालीत नाही. ग्रह तिचा होता, हाक तिने मारली होती, मैत्रीही तिने केली होती, आणि त्यांतले काय ठेवावे हे तिला कोणी विचारले नाही. यानावरील रुग्णालयात तिला एक सुरेल ध्वनी काढणारा दगड दाखविला होता आणि तो तिला फार आवडला होता. तिला घरी परत पोहोचविताना डेटाने तो दगड तिच्या झोपलेल्या मुठीत ठेवला. यानाचा नियम त्यास परवानगी देत होता की नाही, हे कोणी विचारले नाही.